हनोईहून निन्ह बिन्ह: खासगी गाडी आणि गाइड घेऊन एक दिवस कसा आखायचा

निन्ह बिन्हला 'जमिनीवरचं हा लाँग' म्हणतात; हा लाँग म्हणजे समुद्रातून वर आलेल्या सुळक्यांसाठी प्रसिद्ध असलेला व्हिएतनामचा उपसागर. वाक्य जाहिरातीतलं असलं तरी खोटं नाही. तेच चुनखडीचे सरळसोट सुळके, फक्त खाली समुद्राऐवजी भातखाचरं आणि संथ नद्या. हनोईपासून अंतर साधारण ९५ किलोमीटर, त्यातला बराचसा रस्ता एक्सप्रेसवे, म्हणजे दोन तासांच्या आतबाहेर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्यामुळे हनोईच्या जुन्या भागातून रोज सकाळी टुरिस्ट बसगाड्यांची रांगच तिकडे निघते.

हा लेख त्या रांगेत न बसणाऱ्यांसाठी आहे. सोबत आईवडील असतील, लहान मुलं असतील, खाण्याची पथ्यं असतील किंवा नुसतीच घाई आवडत नसेल, तर चौघापाचांनी मिळून गाडी आणि गाइड करणं मला बरं वाटतं. पण जास्तीचे पैसे कशाचे देतोय हे आधी डोक्यात पक्कं असू द्या. एसी गाडी बसवाल्यांकडेही असते. खासगी टूरमध्ये आपण विकत घेतो ते घड्याळ: किती वाजता निघायचं, आधी कुठे जायचं, कुठून लवकर उठायचं. ते हातात नसेल तर खासगी टूर म्हणजे नुसती महागडी बस. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी महिना, मग तारीख

फोटोत दिसणारी पिवळीजर्द भातशेती वर्षभर नसते. ताम कोक या होडीच्या ठिकाणी नदीकाठचं भात मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला पिकतं, आणि एकदा कापणी सुरू झाली की भराभर उरकते. त्यानंतर त्या खाचरांत बहुतेक पाणीच दिसतं. म्हणजे ऑक्टोबरच्या दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्याने पिवळ्या शेताची आशा धरू नये. हवा मात्र तेव्हा सगळ्यात चांगली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची. मे-जूनचं भात पाहायचं असेल तर घामाच्या धारांची तयारी ठेवा. उष्णता आणि दमटपणा कोकणातल्या मे महिन्याच्या तोडीचा असतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी असते, खरीखुरी, स्वेटर लागणारी. व्हिएतनाम म्हणजे गरम देश असं समजून नुसते टीशर्ट नेणारे लोक मग हनोईत जाकीट विकत घेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आठवडा-आठवडा बारीक झिमझिम आणि धुकं असतं. सुळके धुक्यात फार सुंदर दिसतात, पण उंचावर चढून खाली पाहिलं तर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. जुलै ते सप्टेंबर पावसाचे आणि वादळांचे महिने. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने उत्तर व्हिएतनामला चांगलंच झोडपलं होतं. या महिन्यांत गेलात तर टूर रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्या.

तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं. ऐन तेतच्या दोन-तीन दिवसांत बरीच हॉटेलं बंद असतात आणि गाड्यांचे भाव चढतात. त्यानंतरचे काही आठवडे स्थानिक भाविकांची देवळांमध्ये अलोट गर्दी असते, विशेषतः बाई दिन्हला. आपल्याकडच्या यात्रेच्या दिवसांत देवदर्शनाला जावं तसं होतं. आवड असेल तर मजा, नसेल तर टाळा. वार निवडता येत असेल तर मंगळवार ते गुरुवार निवडा. शनिवार-रविवारी हनोईकरही तिथेच येतात.

होडी कुठली?

एका दिवसात एकच होडी करा. दोन होड्या विकणारा कार्यक्रम दिसला तर तो कागदावरच छान.

ताम कोक म्हणजे तीन गुहा. न्गो दोंग नदी डोंगरांच्या पोटातून तीन ठिकाणी वाहते. होडी त्याच वाटेने जाते आणि त्याच वाटेने परत येते, साधारण दीड-दोन तास. पहिली गुहा सगळ्यात लांब, १२७ मीटर. इथली खासियत म्हणजे पायाने वल्हवणं. वल्हवणाऱ्या बाई होडीच्या मागच्या टोकाला पाठ टेकून बसतात, दोन्ही तळवे वल्ह्यांच्या दांड्यांवर ठेवतात आणि गुडघे आळीपाळीने वाकवत वल्ही फिरवतात. हात मोकळे, त्यामुळे त्या एकीकडे छत्री धरतात, फोनवर बोलतात, मध्येच हातात भरतकाम घेतात. गुहेत शिरताना मात्र बोलणं थांबतं. छत खाली येतं, अंगावर गार हवा येते, आणि त्या पायाच्या एका हलक्या झटक्याने होडी खडकापासून वीतभर अंतरावरून काढतात. शेती दिसते ती इथेच, दोन्ही काठांना.

त्रांग आन (ऐकू येतं 'चांग आन' असं) मोठं आहे. इथे होडी गोल फेरी मारते, अडीच-तीन तास, गुहांमागून गुहा आणि मध्ये उतरून पाहायची छोटी देवळं. शेती जवळपास नाही. पाणी, कडे आणि जंगल. व्यवस्था चोख आहे, विक्रेते मागे लागत नाहीत. तिकिटाच्या खिडकीवर तीन मार्गांपैकी एक निवडायला सांगतात. गुहांची संख्या जास्त हवी तर पहिला मार्ग, गुहा कमी पण त्यातली एक खूप लांब हवी तर तिसरा; त्यातली दोत गुहा सुमारे एक किलोमीटरची आहे. बंदिस्त अंधाराची भीती वाटणारं कोणी सोबत असेल तर हे आधी गाइडला सांगा, दुसरा मार्ग त्यांच्यासाठी बरा.

तिसरा पर्याय वान लोंग. ही पाणथळ जागा आहे, नाव फारसं कोणी घेत नाही, म्हणूनच शांत. इथल्या कड्यांवर देलाकूर लंगूर राहतो: काळं अंग, कमरेपासून मांड्यांपर्यंत पांढरा पट्टा, जगात फक्त उत्तर व्हिएतनाममध्ये आणि तोही अगदी थोडा उरलेला. पक्षी आणि दुर्बीण यांची आवड असेल तरच जा, लंगूर दिसेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर भाताच्या दिवसांत ताम कोक, बाकी वर्षभर त्रांग आन. वयस्कर माणसं तीन तास लाकडी फळीवर पाठ न टेकता बसू शकत नसतील तर पुन्हा ताम कोक, कारण ते आटोपशीर आहे.

बुकिंग करताना काय विचारायचं

टूर कंपनीच्या पानावर 'प्रायव्हेट' लिहिलेलं असतं, पण प्रायव्हेट काय? कधी गाडी तुमची आणि गाइड दुसऱ्या गटाबरोबर वाटलेला; कधी गाइड मुळात नाहीच, ड्रायव्हरच दोन वाक्यं बोलतो. तिथे बहुतेक ड्रायव्हरना इंग्रजी येत नाही. म्हणून पहिला प्रश्न: गाइड आणि ड्रायव्हर वेगळे आहेत ना, आणि दोघेही दिवसभर फक्त आमच्याबरोबर ना? दुसरा: गाइडकडे सरकारी गाइड कार्ड आहे का? व्हिएतनामच्या पर्यटन कायद्यानुसार परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्या गाइडकडे आंतरराष्ट्रीय गाइडचं कार्ड लागतं, आणि ते कामावर असताना गळ्यात असतं. भाषा हा तिसरा मुद्दा. गाइडचा आवाज आधी ऐका. व्हॉट्सअॅपवर दोन मिनिटं बोलून घ्या किंवा व्हॉइस मेसेज मागवा. उच्चारांची सवय व्हायला वेळ लागतो, आणि सासूबाईंना काहीच कळलं नाही तर गाइडचे पैसे पाण्यात.

त्यानंतर हिशेब. एकच आकडा सांगितला तर त्यात काय काय धरलंय ते फोडून मागा: गाडी, टोल, गाइड, होडीचं तिकीट, बाकी ठिकाणांची तिकिटं, जेवण, पाणी. त्रांग आनचं मोठ्या माणसाचं तिकीट गेली काही वर्षं अडीच लाख डोंगच्या (डोंग हे तिथलं चलन) आसपास आहे, होडीसकट. हांग मुआ या पायऱ्यांच्या डोंगराचं एक लाख. मुलांचं तिकीट तिथे वयावर नसून उंचीवर असतं, त्यामुळे उंच वाढलेल्या दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट पडलं तर भांडू नका.

होडीबद्दल स्वतंत्रपणे विचारा. त्रांग आनच्या होडीत साधारण चार मोठी माणसं बसवतात. तुम्ही दोघंच असाल तर अनोळखी जोडपं सोबत येऊ शकतं. पूर्ण होडी हवी असेल तर रिकाम्या जागांचे पैसे भरावे लागतात. ताम कोकला परदेशी पाहुण्यांना एका होडीत दोघंच बसवतात, मग गाइड कुठे बसणार? बऱ्याचदा तो काठावर थांबतो. त्याला होडीत घ्यायचं तर वेगळी सोय आणि वेगळे पैसे. अनेकांना हे होडीत बसल्यावर कळतं. खरं सांगायचं तर ताम कोकला गाइडची गरज नाही, आधी दहा मिनिटं समजावून घ्या आणि नदीवर गप्प बसा. त्रांग आनला मात्र तो सोबत असलेला बरा, देवळांची माहिती तोच देतो.

आणखी एक अट लेखी घालाच: वाटेत खरेदीचे थांबे नकोत. एक्सप्रेसवेच्या आधी-नंतर हस्तकलेची मोठमोठी दुकानं आहेत, तिथे 'स्वच्छतागृहासाठी' म्हणून गाडी थांबते आणि अर्धा-पाऊण तास जातो. सकाळचा अर्धा तास गेला की बसगाड्या तुमच्या पुढे गेल्या म्हणून समजा. स्वच्छतागृहाला पाच मिनिटं थांबू, दुकानात शिरणार नाही, असं आदल्या दिवशीच सांगितलं की कोणाला वाईट वाटत नाही.

गाडी: चौघांना आणि गाइडला सात सीटची मागा. आपली इनोव्हा तिथेही भरपूर चालते, त्यामुळे जागेचा अंदाज येईल. हॉटेल होआन किएम तळ्याला लागून असेल तर शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तिथले रस्ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठी असतात. गाडी दारात येणार नाही; भेटायची जागा आदल्या रात्री नकाशावर पाठवून ठेवा.

नकाशावरून आठवलं. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केली. हा नाम, नाम दिन्ह आणि निन्ह बिन्ह मिळून आता एकच निन्ह बिन्ह प्रांत झाला आहे, आणि जुन्या निन्ह बिन्ह शहराचं नाव त्याआधीच होआ लू करण्यात आलं होतं. जुन्या लेखांतले पत्ते आणि आताचे पत्ते जुळले नाहीत तर गोंधळू नका; ठिकाणाच्या नावाने शोधा.

व्हिसा आणि पैसे, थोडक्यात

भारतीयांना व्हिसा लागतो. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, ९० दिवसांपर्यंतचा, एका प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांचा ५० डॉलर. अर्ज सरकारी पोर्टलवरच करा; शोधलं की सरकारी वाटणारी आणि दुप्पट पैसे घेणारी पानं आधी वर येतात. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच्या तसं भरा, वडिलांच्या नावासकट.

एका रुपयाला साधारण ३०० डोंग. हिशेबाची सोपी रीत: मागची तीन शून्यं काढा, उरलेल्या आकड्याला तीनने गुणा आणि थोडं वर धरा. अडीच लाख डोंग म्हणजे सव्वाआठशे रुपयांच्या घरात. तिथले लोक बोलतानाही हजार गाळतात; 'पन्नास' म्हणाले तर पन्नास हजार. नोटा देताना एका गोष्टीला जपा: वीस हजार आणि पाच लाख, दोन्ही निळ्या. होडीतल्या अर्धवट अंधारात टिप देताना ही अदलाबदल होते आणि ती महागात पडते. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा, आणि दहा, वीस, पन्नास हजारांच्या सुट्ट्या नोटा हनोईतूनच घेऊन निघा.

दिवस कसा लावायचा

बसगाड्या हनोईतून साडेसात-आठला निघतात, दहाच्या सुमारास होआ लू या जुन्या राजधानीच्या देवळांपाशी पोहोचतात, बाराला बुफे जेवण, दीड-दोनला होडी, चारला हांग मुआ. हा त्यांचा ठरलेला क्रम. आपण नेमका उलटा धरायचा.

सकाळी सहाला निघा. हॉटेलवाल्याला आदल्या रात्री सांगितलं तर नाश्ता डब्यात देतात, किंवा ड्रायव्हरला सांगून वाटेत बान्ह मी (व्हिएतनामी पावाचं सँडविच) घ्या. आठला पोहोचलात की ऋतूनुसार दोन रस्ते आहेत.

उन्हाळ्यात आधी हांग मुआ. ऊन चढायच्या आत वर जाऊन नऊ-सव्वानऊला खाली, लगेच ताम कोकची होडी, सव्वाअकराला जेवण. दीड वाजता होआ लू, तोवर बसवाले होडीच्या रांगेत असतात आणि देवळांचं आवार मोकळं. मग बिक दोंग हे डोंगरकड्यातलं देऊळ, आणि चारला परतीचा रस्ता.

थंडीत उलट. सकाळी वर धुकं असण्याची शक्यता जास्त, म्हणून आठला त्रांग आनची होडी, जेव्हा धक्क्यावर रांग नसते. पावणेअकराला बाहेर, मग होआ लू, निवांत जेवण, जेवणानंतर सायकलवर अर्धा तास खाचरांमधून बिक दोंगपर्यंत, आणि तीनला हांग मुआ. चारची गर्दी वर चढत असते तेव्हा तुम्ही उतरत असता. अंधार लवकर पडतो, तेवढं ध्यानात ठेवा.

यात बाई दिन्ह नाही, मुद्दाम. ते प्रचंड मोठं नवं बौद्ध संकुल आहे, अर्हतांच्या ५०० दगडी मूर्तींची ओसरीच चालून पाय दुखतात. एका दिवसात ते घातलं की बाकी सगळ्याचा वेळ खाल्ला जातो. त्रांग आन आणि बाई दिन्ह असं जोडून विकलेलं पॅकेज सगळीकडे दिसेल. गाइडला सांगा, बाई दिन्ह काढून टाक आणि तो वेळ सायकलला दे. सायकली जेवणाच्या ठिकाणीच मिळतात. गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी ड्रायव्हर गाडी मागून आणतो.

होआ लू: इथे गाइडचे पैसे वसूल होतात

नुसतं पाहिलं तर होआ लू म्हणजे दोन छोटी देवळं आणि मागे डोंगर. बरेच जण वीस मिनिटांत फोटो काढून निघतात. गोष्ट माहीत नसेल तर तेवढंच पुरेसं आहे.

गोष्ट अशी. दहाव्या शतकात बारा सरदारांच्या आपसातल्या लढाया मोडून दिन्ह बो लिन्ह राजा झाला आणि ९६८ मध्ये त्याने इथे राजधानी केली. जागा का निवडली ते आजूबाजूला पाहिलं की कळतं: सभोवती उभे डोंगर, त्यांच्यामधल्या फटी भिंती घालून बंद केल्या की झाला गड, आणि पळायला-पोहोचायला नदी. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ९७९ मध्ये राजा आणि त्याचा थोरला मुलगा दोघांचाही खून झाला. गादीवर सहा वर्षांचा मुलगा, उत्तरेकडून चीनच्या सोंग राजांची फौज येण्याच्या बेतात. तेव्हा राणी दुओंग वान न्गा हिने सेनापती ले होआनच्या अंगावर राजवस्त्र घातलं. तो राजा झाला, ९८१ मध्ये त्याने सोंग फौजेला परतवलं, आणि पुढे राणीने त्याच्याशी लग्न केलं. दोन राजांची राणी. तिने राज्य वाचवलं की घर मोडलं, यावर तिथे अजून मतं आहेत. तुमच्या गाइडचं मत विचारा. पाठ केलेलं भाषण तिथे संपतं आणि माणूस बोलायला लागतो.

१०१० मध्ये ली थाय तो या राजाने राजधानी हलवून आजच्या हनोईला नेली. डोंगरांमधली जागा लढायला चांगली पण वाढायला अपुरी होती. आता जी देवळं दिसतात ती १७व्या शतकातली आहेत. दिन्हच्या देवळासमोर अंगणात दगडी सिंहासनासारखा एक चौथरा आहे, वर ड्रॅगन कोरलेला. त्याच्यावर बसू नका. देवळांचे उंबरे उंच आहेत, त्यावर पाय न देता ओलांडून जायचं, आपल्यासारखंच. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला कुठे काढायच्या ते गाइड सांगेल.

होडीत बसताना

लाइफ जॅकेट घालायचंच. बसण्याआधी स्वच्छतागृहाला जाऊन या. डोक्यावर टोपी हवीच, कारण ऊन वरूनही लागतं आणि पाण्यावरूनही. छत्री नेली तर गुहेत शिरताना मिटवा. फोन दोरीने गळ्यात अडकवा. गुहेत हात होडीच्या बाहेर ठेवू नका, आणि छत खाली आलं की वाका, लाजू नका. चुनखडी पाण्याने धारदार झालेली असते, टाळूला लागली की चांगलंच कळतं.

या सगळ्या परिसराला युनेस्कोने २०१४ मध्ये जागतिक वारसा म्हणून घेतलं, आणि तेही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. इथल्या गुहांमध्ये ३०,००० वर्षांहून जुन्या मानवी वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, पाणी त्यात सहसा शिरत नाही, वरून वाहून जातं. इथला खडक पाण्यात विरघळतो, म्हणून नद्या डोंगराच्या आरपार गेल्या. मुलांना हे होडीत बसून सांगितलं तर चटकन समजतं.

ताम कोकला वळणाच्या टोकाशी पेये आणि खाऊ विकणाऱ्या होड्या जवळ येतात. तुम्ही नको म्हणालात की 'मग वल्हवणाऱ्या बाईंसाठी घ्या' असं सुरू होतं. घ्यायचं नसेल तर हसून मान हलवा आणि नजर वळवा. दोन मिनिटांत सोडून देतात. निघताना कोणीतरी काठावरून तुमचा फोटो काढतं आणि परत आल्यावर छापून विकायला आणतं, तेही घ्यायलाच हवं असं नाही. पण वल्हवणाऱ्या बाईंना टिप द्या. गावातल्या होड्यांना पाळीने नंबर लागतो, रोज काम मिळत नाही. होडीमागे पन्नास हजार ते एक लाख डोंग ठीक. 'काम अन' म्हणजे आभार. वयस्कर बाईंना 'को' म्हटलं की, आपण मावशी म्हणतो तसं, चेहरा खुलतो.

जेवण

निन्ह बिन्हची ख्याती डोंगरी बकऱ्याच्या मटणाची, आणि सोबत कोम चाय, म्हणजे भाताची कुरकुरीत खरपुडी, वर रस्सा ओतून. मटण खाणाऱ्यांनी भाजलेलं मागावं. लिंबू पिळून अर्धकच्चं ठेवलेलंही मिळतं, ते प्रवासात टाळलेलं बरं.

शाकाहारी लोकांनी हा मुद्दा बुकिंगच्या वेळीच मिटवावा, टेबलावर नव्हे. अडचण मांसाची नसून न्योक माम या माशाच्या पाण्याची आहे. आपण मीठ घालतो तितक्या सहज ते पडतं, भाजीतही. 'नो मीट' म्हटल्यावर कोळंबी येऊ शकते. गाइडकडून व्हिएतनामी भाषेत लिहून घ्या: मांस नको, मासे नकोत, माशाचं पाणी नको, मटणाचा रस्सा नको, अंडं चालतं किंवा चालत नाही. तो मजकूर फोनमध्ये ठेवा, पुढच्या सगळ्या प्रवासाला उपयोगी पडतो. 'चाय' (कोम चायमधला नव्हे, हा शब्द वेगळा, अर्थ शाकाहारी) पाटी असलेली खानावळ ताम कोक गावात मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथले बरेच बौद्ध शाकाहार पाळतात. त्या दिवशी निवड जास्त असते. त्यांच्या कडक पथ्यात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे जैन मंडळींनी तसं विचारायला संकोच करू नये. तरीही पिशवीत दशम्या, खाकरे, कोरडी चटणी असू द्या.

ठरलेल्या बुफेऐवजी गाइडला साध्या घरगुती हॉटेलात न्यायला सांगा. पॅकेजमध्ये जेवण धरलं असेल तर ते काढून घ्या, पैसेही थोडे कमी होतात.

हांग मुआ

नावात गुहा असली तरी लोक येतात ते डोंगरावरच्या पायऱ्यांसाठी. सुमारे ५०० दगडी पायऱ्या, उंच-सखल, मध्ये वाट फुटते: एक टोकाच्या दगडी ड्रॅगनकडे, दुसरी छोट्या मनोऱ्याकडे. ड्रॅगनची वाट शेवटी अरुंद होते आणि अणकुचीदार खडकांवर लोक फोटोसाठी ताटकळत उभे असतात. उंचीची भीती असेल किंवा पाऊस झालेला असेल तर मनोऱ्याच्या बाजूला जा, ताम कोकची नदी तिथूनही छान दिसते. बूट पकड असलेले हवेत. चढू न शकणाऱ्यांसाठी खाली कमळांचं तळं आणि सावलीतली बाकं आहेत. गाइडला वर न नेता त्यांच्याजवळ ठेवा. पायऱ्यांवर रस्ता चुकण्यासारखं काही नाही.

परत येताना, किंवा न येता

रविवारी संध्याकाळी हनोईत शिरताना वाहतूक तुंबते. त्या रात्री जलकठपुतळ्यांच्या खेळाची तिकिटं काढली असतील तर शेवटचा खेळ घ्या. गाइड आणि ड्रायव्हरची टिप वेगवेगळी, प्रत्येकाच्या हातात द्या. गाइडला दोन-तीन लाख, ड्रायव्हरला एक-दीड लाख डोंग द्यायची माझी पद्धत आहे, नियम काही नाही. काम आवडलं नसेल तर कमी द्या आणि का ते शांतपणे सांगा.

आणि हातात एक रात्र मोकळी असेल तर दुपारी गाडी परत पाठवून ताम कोकला मुक्काम करा. एका बाजूचं भाडं आधीच ठरवून घ्यायचं. पाचनंतर बसगाड्या निघून जातात, गावात सायकलवर फिरता येतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निन्ह बिन्ह स्टेशनवरून हनोईची रेल्वे सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते. तिकीट दोन-तीन दिवस आधी काढा, आणि डाव्या-उजव्या खिडकीचा विचार करू नका. दोन्हीकडे भातच आहे.